फिल्मच्या रोलवर घरच्यांचे बेसावध फोटो: मॅन्युअल (हाताने लावायचा) फोकस घ्यावा की ऑटोफोकस?

कॅमेरा निवडण्याआधी फोटो कुठल्या उजेडात निघणार ते ठरवा. उत्तर बरंचसं तिथेच आहे.

रात्री दिवे लावलेल्या दिवाणखान्यात ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील) रोलवर साधारण एफ/२ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं आणि स्पष्ट पट्टा अरुंद) आणि शटरचा वेग १/६० सेकंद मिळतात. ५० मिमी लेन्स, एफ/२, दीड मीटरवर बसलेला माणूस: स्पष्ट दिसणारा पट्टा फक्त १० सेंटिमीटरच्या आसपास. मॅन्युअल कॅमेऱ्यात स्प्लिट प्रिझममधली (फोकस लागला की चित्राचे दोन तुकडे जुळतात ती मधली काच) डोळ्याची कड जुळवून शटर दाबेपर्यंत आजोबा वर्तमानपत्रावर वाकले, की फोकस कानावर जातो. दुडदुडत येणारं मूल तर तो पट्टा निमिषात ओलांडतं. इथे ऑटोफोकस एसएलआर (लेन्समधूनच पाहून फोटो काढायचा कॅमेरा) सरळ सरस ठरतो.

निकॉन एफ८० हे चांगलं उदाहरण. त्यात फोकसचे पाच बिंदू आहेत. अंधुक उजेडात मधलाच वापरा, कारण आडव्या-उभ्या दोन्ही रेषा फक्त तोच पकडतो. बसलेल्या माणसांसाठी सिंगल मोड (फोकस एकदा लावून तिथेच धरणारा) ठेवा, पण त्यात फोकस लागेपर्यंत शटर सुटत नाही, हे ध्यानात असू द्या. पळणाऱ्या मुलासाठी कंटिन्युअस मोड (सतत फोकस बदलत राहणारा). त्यात शटर लगेच सुटतं, फोकस लागलेला असो वा नसो. कोरी भिंत किंवा बिनकाठाची पांढरी साडी समोर आली, की लेन्स पुढे-मागे शोधत बसते; अशा वेळी बिंदू केसांच्या कडेवर न्यावा. आरतीच्या वेळी निरांजनाची ज्योत बिंदूत आली, तर फोकस चेहरा सोडून ज्योतीवर बसतो. मोटरचा आवाजही होतो, आणि झोपलेल्या बाळाशेजारी तो जाणवतो.

आता अंगणात या. मोकळ्या सावलीत याच रोलवर एफ/८ आणि १/२५० मिळतात, आणि पारडं फिरतं. ३५ मिमी लेन्स एफ/८ वर, अंतराची रिंग ३ मीटरवर: अंदाजे १.९ ते ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. रिंगला पुन्हा हात लावायचाच नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की थेट शटर. ज्या क्षणासाठी ही सगळी धडपड, तो क्षण इतक्या चटकन ऑटोफोकस क्वचितच देतो. याच आकड्यांवर ५० मिमी लेन्स मात्र २.३ ते ४.२ मीटरच देते, म्हणून या पद्धतीसाठी ३५ मिमीच घ्या. खिडकीजवळच्या उजेडात एफ/४ मिळत असेल, तर २ मीटरवर साधारण ८० सेंटिमीटरचा पट्टा उरतो. त्या पट्ट्यात माणूस जिथे येणार त्या जागेवर, उंबऱ्यावर किंवा झोपाळ्याच्या कडीवर, आधीच फोकस करून थांबावं.

ऑटोफोकस लेन्सवर ही युक्ती नीट जमत नाही. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ च्या दुसऱ्या आवृत्तीवर अंतराचे आकडेच नाहीत, आणि रिंग इतकी थोडी फिरते की किंचित धक्क्यानेही फोकस हलतो.

ऑलिंपस म्यू-२ सारखे खिशातले कॅमेरे वेगळ्याच प्रकारे चुकतात. दोन माणसं शेजारी बसली, की मधल्या फटीतून फोकस मागच्या भिंतीवर जाऊ शकतो. एका चेहऱ्यावर बटण अर्धं दाबून धरा, मग चौकट जुळवा. काचेपलीकडचं माणूस टिपताना अंतर मोजणारा इन्फ्रारेड किरण काचेवरूनच परतू शकतो. अंधारात फ्लॅश आपोआप उडतो, तोही दर वेळी बंद करावा लागतो.

चाळिशी लागलेल्यांनी आणखी एक पाहावं. बहुतेक जुन्या एसएलआरमध्ये फोकसिंग स्क्रीन (ज्या काचेवर चित्र दिसतं ती) डोळ्याला साधारण मीटरभर अंतरावर असल्यासारखी दिसते. तेवढ्या अंतरावरचं तुम्हाला धूसर दिसत असेल, तर आयपीसवर (डोळा लावायच्या भागावर) डोळ्याच्या नंबरची काच बसवा. नाहीतर फोकस हमखास चुकेल.

लहान मुलं, घरातली संध्याकाळ आणि एकच कॅमेरा घ्यायचा असेल, तर ५० मिमी एफ/१.८ सह ऑटोफोकस एसएलआर घ्या. घरात कॅननचा डिजिटल एसएलआर असेल, तर त्याची ईएफ प्रकारची लेन्स कॅननच्या ईओएस नावाच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चालते. ईएफ-एस प्रकारची चालत नाही. फोटो बहुतेक दिवसाउजेडी, बाहेर निघणार असतील, तर निकॉन एफएम२ हा मॅन्युअल फोकसचा एसएलआर आणि ३५ मिमी लेन्स. त्यातली बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती. ती संपली तरी शटर चालतं.

पहिला रोल धुऊन आला की कॅमेऱ्याला दोष देण्याआधी निगेटिव्ह भिंगाखाली बघा. चेहरा धूसर पण मागची भिंत स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. भिंत स्पष्ट आणि फक्त हात फराटलेले असतील, तर शटरचा वेग कमी पडला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. त्याला कुठलाच फोकस वाचवत नाही.