थर्मोस्टॅट सांगून रेग्युलेटर विकला, भाजला मात्र साप

साप पाळायला नव्यानेच सुरुवात करणाऱ्यांना ‘सगळं तयार’ पेटी गळ्यात मारणारे लोक आहेत. अशाच एकाकडून आमची फसवणूक झाली. पैसे गेले त्याचं एक वेळ चालेल, पण आमच्या बॉल पायथनचं (अजगराच्या जातीचा साप) पोट भाजलं आणि त्याला फुप्फुसाचा संसर्ग झाला, त्याचा राग अजून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पेटी काचेची, वर जाळीचं झाकण, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), मॅटला थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आलं की वीज आपोआप तोडणारं यंत्र) आणि आत काचेवर चिकटवलेले दोन गोल मीटर, एक तापमानाचा, एक आर्द्रतेचा. आम्ही वाचून, विचारून गेलो होतो. या सापाला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५-२६ आणि आर्द्रता निदान ६० टक्के लागते. हे सगळं मिळेल ना, असं स्पष्ट विचारलं. त्याने मीटरवर बोट ठेवलं. काटा हिरव्या पट्ट्यात, बरोबर ६० वर. ‘प्लग लावा आणि साप सोडा, बाकी काही बघायचं नाही,’ म्हणाला.

पहिली शंका आली ती कात टाकताना. हवा पुरेशी दमट असेल आणि साप निरोगी असेल, तर कात तोंडापासून उलटी होत शेपटीपर्यंत अखंड निघते. आमच्या सापाची तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि दोन्ही डोळ्यांवर जुना थर तसाच राहिला. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो दर वेळी कातीबरोबर सुटायला हवा. नजर धुरकट झालेला साप बिचारा भांड्यावर तोंड आपटत फिरायचा. विक्रेत्याला फोन केला, तर त्याने कात सुटायचा म्हणून एक स्प्रे विकला. आर्द्रतेबद्दल विचारलं की एकच उत्तर: ‘मीटर बघा ना, साठ आहे.’

मग श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तोंडाच्या कडेला बुडबुडे, आणि मान सतत वर. ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. आमच्या डॉक्टरांनी साप उलटा करून पोट दाखवलं. मधल्या भागात पोटाचे रुंद खवले तांबूस-तपकिरी होऊन आक्रसले होते. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘थर्मोस्टॅटचा प्रोब कुठे बसवलाय?’

प्रोब म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरीच्या टोकाचा, तापमान मोजणारा तुकडा. तो नव्हताच! विक्रेत्याने थर्मोस्टॅट म्हणून दिलेल्या डबीला एक गोल बटण, एक दिवा आणि मॅटकडे जाणारी वायर, एवढंच होतं. ती डबी म्हणजे पंख्याला असतो तसला रेग्युलेटर. वीज कमी-जास्त करणार, पण पेटीत किती तापलंय हे तिला कळायची सोयच नाही. खोली थंड असताना ठेवलेलं बटण दुपारी तसंच राहिलं की मॅट तापतच जाते. टेम्परेचर गनने पाहिलं तेव्हा तळाला अंथरलेला भुसा बाजूला केल्यावर काच ५० अंशांच्या वर होती, आणि त्याच वेळी वरचा गोल मीटर निवांतपणे ३० दाखवत होता. तो चिकटवला होता काचेच्या वरच्या भागात. साप झोपतो तळाशी. तापलेल्या जागेवरून साप वेळेत उठेलच याचा भरवसा नसतो. अंगाखाली ऊब लागली की तो तिथेच पडून राहतो आणि भाजतो.

आर्द्रतेचं दुखणं याच उष्णतेला जोडलेलं आहे. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते, त्यामुळे हवेत पाणी तेवढंच असलं तरी टक्केवारी खाली येते. त्यात वर पूर्ण जाळी, म्हणजे दमट हवा वर चढून निघून जाणार. अशा पेटीत दिवसभर पाणी फवारलं तरी भुसा चिखल होतो आणि हवा कोरडीच राहते. ओल्या भुशाने खवले कुजतात, तो त्रास वेगळाच.

आर्द्रतेच्या मीटरची परीक्षा घरी करता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घाला. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावते. आमच्या नव्या डिजिटल मीटरने ७४ दाखवले, जुना ६० वर. कोरड्या गरम हवेत धरला, तरी ६०. शेवटी मागचं झाकण उचकटलं. आत काट्याला फिरवणारी बारीक पट्टीची गुंडाळी असते, तिच्या टोकावर वाळलेल्या गोंदाचा थेंब होता. काटा हलूच नये अशी सोय करून ठेवलेली.

हे सगळं विक्रेत्यासमोर मांडलं. तो म्हणाला, तुम्ही जास्त फवारणी केली, पाणी शिरलं. थर्मोस्टॅटबद्दल त्याने बिल काढायला सांगितलं. बिलावर ‘कंट्रोलर’ लिहिलं होतं, थर्मोस्टॅट हा शब्द कुठेच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत.

साप औषधांवर सुधारतोय. आता खरा थर्मोस्टॅट आहे, त्याचा प्रोब मॅट आणि काच यांच्या मधे पक्का चिकटवलेला. दोन्ही टोकांना तळाशी वेगळे डिजिटल मीटर आहेत, आणि जाळीचा बराचसा भाग झाकलाय, हवा खेळण्यापुरती फट ठेवून.

घ्यायला जाल तेव्हा बिलावर ‘प्रोबसह थर्मोस्टॅट’ असं लिहून घ्या आणि तिथेच तो लावून बघा. आकडा २८ वर ठेवा, प्रोब मुठीत घट्ट धरा. मुठीच्या उबेने तापमान वर गेलं की मॅटची वीज तुटायला हवी, आणि प्रोब सोडून गार झाला की परत यायला हवी. विक्रेता हे करू देत नसेल तर तिथून निघा.