जुना बाजार, मंगळवार पेठ : खेळाडूंची जुनी कार्डं शोधणाऱ्यांसाठी

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात खेळाडूंची जुनी कार्डं मिळतात, म्हणजे च्युइंगम किंवा सिगारेटच्या पाकिटाबरोबर येणारी किंवा खेळायच्या संचातली त्यांची छापील चित्रं. दर वेळी मिळत नाहीत, नाव घेऊन मागितली तर बहुधा मिळतच नाहीत, पण मिळतात. पुण्यात यासाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कार्डांसाठी जाणार असाल तर बुधवारी जा. रविवारी बूट, कपडे, ड्रिल मशिन घ्यायला इतकी गर्दी असते की पथारीपुढे उकिडवं बसून कागद चाळायला कुणी देत नाही. मागचा माणूस गुडघा टेकवतो आणि आपण उठतो.

माझं सगळं आयुष्य नारायण पेठेत छपाईत गेलं. आधी प्लेटा, मग कटिंग, आता मशिन भाचा बघतो आणि मी कागदाचा हिशेब बघते. त्यामुळे कार्ड हातात आलं की मी खेळाडूचा चेहरा नंतर बघते, आधी कडा आणि पाठ बघते. जुन्या बाजाराबद्दल जे लिहितेय ते याच नजरेतून.

हल्ली तिथे तरुण मुलं येतात ती अमेरिकेतल्या बातम्या वाचून. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तिकडे लोक घर आवरताना गॅरेजसमोर सामान मांडतात, त्यातल्या एखाद्या बुटांच्या खोक्यात लहानपणची च्युइंगमची कार्डं निघतात. हे खरं आहे. पण त्या कार्डाला एवढी किंमत का आली, हे या मुलांना कुणी सांगत नाही. १९५२ च्या त्या संचाचा शेवटचा भाग हंगाम संपता संपता बाजारात आला आणि खपला नाही. उरलेली खोकी १९६० मध्ये न्यू जर्सीजवळ समुद्रात टाकली, असं त्या कंपनीतल्याच माणसाने सांगून ठेवलं आहे. म्हणजे मुळात कार्डंच थोडी राहिली. त्यात विकल्या गेलेल्या त्या एका कार्डाला अवस्था तपासून दिलेले दहापैकी साडेनऊ गुण होते : चारही कोपरे टोकदार, चित्र मधोमध, रंग ताजा. तेच कार्ड दुमडलेलं, कोपरे झिजलेलं असेल तर किंमत शंभराव्या हिश्श्याच्याही खाली येते. उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी तिकडच्या कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की ती आज रद्दीच्याच भावात पडून आहेत. नुसत्या वयाला किंमत नसते, हे डोक्यात ठेवून बाजारात शिरा.

आणि आपल्याकडे कागद घरात राहतच नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो किलोवर जातो. जुन्या बाजारात जे येतं ते रद्दीवाल्याच्या काट्यातून वाचलेलं असतं. बहुतेक वेळा कुणीतरी ते नाण्यांच्या, तिकिटांच्या किंवा काडेपेट्यांच्या संग्रहात टाकलेलं असतं म्हणून वाचलेलं असतं. म्हणून मी खेळाचं सामान मांडणाऱ्यांकडे जातच नाही. तिथे फुटलेल्या बॅटी आणि हेल्मेटं असतात. मी नाणी-नोटा घेऊन बसणाऱ्यांकडे जाते. त्यांच्याकडे नाण्यांच्या डब्यांखाली एखादा अल्बम किंवा बिस्किटाचा डबा असतो, त्यात पोस्टाची तिकिटं, लग्नपत्रिका, लॉटरीची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, सगळं एकत्र. तो डबा मागायचा. ‘कार्ड आहे का?’ असं विचारू नका, ते लगेच पत्त्यांचा कॅट पुढे करतात.

सगळ्यात जास्त निघतात ती नव्वदीतली ट्रम्प कार्डं, म्हणजे खेळाडूंचे आकडे एकमेकांशी ताडून खेळायची. कुस्तीगिरांची, आणि क्रिकेटची त्याहून थोडी कमी. माझ्या वयाच्या लोकांच्या मुलांनी शाळेच्या बाकाखाली ती इतकी खेळली आहेत की कोपरे पांढरे पडलेले नसतील असा संच दिसणं कठीण. कुस्तीच्या कार्डांवर ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ असेल तर मूळ छपाई २००२ च्या आधीची, कारण त्या वर्षी कंपनीने नाव बदलून ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ केलं. क्रिकेटच्या कार्डांवर तर तारीख आकड्यांतच लपलेली असते. सचिनचं पहिलं एकदिवसीय शतक ९ सप्टेंबर १९९४ ला कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालं. त्याच्या कार्डावर एकदिवसीय शतकं शून्य असतील तर ती माहिती त्याआधीची. पण छापणारी म्हणून एक सांगते : माहिती जुनी म्हणजे छपाई जुनी असं नसतं. एकदा छपाईची फिल्म तयार असली की पाच-सात वर्षं त्यावरूनच माल निघतो, आणि आकडे बदलण्याचा खर्च कुणी करत नाही. आकड्यांवरून ‘याच्या आधी छापलं नसणार’ एवढंच पक्कं कळतं. बाकीचं कागदावरून ठरवायचं. संच पुरा असेल आणि मूळ डबी असेल तरच मी हात घालते. सुट्या कार्डांना मी पैसे देत नाही.

बिग फन बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रं ही माझी खरी ओढ. चित्रांवर छापलेल्या रन आणि विकेट जमवायच्या आणि त्यावर बक्षीस घ्यायचं, अशी ती योजना होती. त्यामुळे ती चित्रं मुलांनी दुकानदाराला परत दिली आणि ती संपली. जी उरली ती अर्धवट हिशेबाची, कुणाची शंभर धावांना थोडी कमी पडलेली. कागद हलका आहे, रंग रजिस्टरमधून सरकलेले, म्हणजे एकावर एक नीट न बसलेले आहेत, कपिलच्या मिशीचा काळा रंग गालावर आलेला असतो. याला दोष समजू नका. स्वस्तातली घाईची छपाई अशीच असते, आणि अशा वस्तूची फारच नीटस प्रत दिसली तर मी उलट सावध होते. ही चित्रं दिसली की मी घासाघीस फार करत नाही. एका चित्राला वीस-तीस रुपये मागतात, द्यावेत. माझ्या मते या बाजारातली आपल्या मातीतली सगळ्यात मोलाची कार्डं हीच आहेत, आणि बाहेरच्या यादीत त्यांची किंमत नाही म्हणून ती कमी ठरत नाहीत.

आता सिगारेटची कार्डं. इंग्लंडमधल्या जॉन प्लेअर अँड सन्सने १९३० च्या दशकात क्रिकेटपटूंचे पन्नास-पन्नास कार्डांचे संच काढले : १९३०, १९३४, १९३८. पाकिटातल्या सिगारेटी वाकू नयेत म्हणून जाड कार्ड घालायचे, त्यावर हे चित्र. १९४० मध्ये युद्धातल्या कागदटंचाईमुळे ती बंद झाली. मला १९३८ च्या संचातलं इंग्लंडच्या वॉली हॅमंडचं कार्ड इथेच, घड्याळांचे पट्टे विकणाऱ्याच्या पथारीवर मिळालं. चाचा म्हणाले, ‘ताई, कॅम्प के बंगले का माल है, अंग्रेज के टाइम का.’ पाचशे सांगितले. मी कार्ड उलटं केलं आणि उन्हाकडे धरलं.

काय बघितलं ते सविस्तर लिहिते, कारण खोटी कार्डं आता इथेही येऊ लागली आहेत. पहिलं माप. ही कार्डं साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर असतात. झिजलेला कोपरा लपवायला कडा कापून घेतात, मग कार्ड मिलिमीटरभर लहान होतं आणि चित्राभोवतीचा पांढरा पट्टा एका बाजूला बारीक दिसतो. छोटी पट्टी पर्समध्ये ठेवा. दुसरं, दहापट भिंग. जुन्या छपाईत अक्षरं वेगळ्या शाईने सलग उमटलेली असतात, कडा भरीव. नवी नक्कल म्हणजे जुन्या कार्डाचा फोटो काढून चार रंगांत छापलेला कागद, त्यात अक्षरांच्या कडाही ठिपक्यांत फुटतात. पाठीवरचं बारीक इंग्रजी वाचून बघा. डोळ्यांना नीट दिसतं, पण भिंगाखाली ते विस्कटलं तर कार्ड खाली ठेवा. तिसरं, नोटा तपासायचा जांभळा दिवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात. १९३८ चा कागद त्या दिव्याखाली मंद, पिवळसर राहतो. निळसर पांढरा लखलखला तर तो कालचा कागद. नाणेवाल्यांपैकी पुष्कळांकडे हा दिवा असतोच. मागितला तर देतात.

१९३८ च्या कार्डांची आणखी एक खूण म्हणजे पाठीला डिंक. पाणी लावून ती अल्बमात चिकटवायची होती, अल्बम एक पेनीला मिळायचा. हा डिंक आणि पुण्याचा पावसाळा यांचं जमत नाही. माझ्या हॅमंडच्या पाठीला वर्तमानपत्राचा तुकडा घट्ट चिकटलेला होता आणि त्यामुळे अर्धा मजकूर गेलेला. समोरची बाजू मात्र सुरेख, डोळ्यांतला रंगसुद्धा शाबूत. मी चाचांना पाठ दाखवली, दोनशे सांगितले, त्यांनी दिलं. हे लक्षात घ्या की इंग्लंडमध्ये या संचातली साधी कार्डं थोड्या पौंडांत मिळतात, कारण ती कोटींच्या संख्येने छापली होती. ‘ब्रिटिश काळातलं’ या शब्दांवर हजार रुपये मोजू नका. अल्बमात चिकटवलेला पूर्ण संच दिसला तर अल्बमसकट घ्या आणि तसाच ठेवा. वाफेवर धरून सोडवायला गेलात तर पाठही जाते आणि रंगही.

विक्रेत्यांबद्दल माझं मत चांगलं आहे. भाव चढवून सांगतात, पण वस्तू हाताळू देतात, आणि ‘कहाँ से आया’ विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, भवानी व्हायची असते तेव्हा, वाजवी भाव पटकन मिळतो. भाव ते खेळाडूच्या नावावर लावतात, कार्डाच्या अवस्थेवर लावत नाहीत. सचिन म्हटलं की पाचपट. म्हणून सचिनच्या मळक्या कार्डाला तीनशे आणि त्याच डब्यातल्या चंदू बोर्ड्यांच्या स्वच्छ चित्राला दहा रुपये, असं घडतं. बोर्डे आपल्या पुण्याचे. ते दहा रुपये मी आनंदाने दिले.

कार्डं नसली तरी रिकाम्या हाताने येऊ नका. क्रिकेटचा बाकी कागद इथे कार्डांपेक्षा सरस मिळतो. ‘एकच षटकार’चे जुने अंक सुतळीने बांधलेले गठ्ठ्यांत असतात. ‘स्पोर्टस्टार’ची मधली रंगीत पानं असतात, त्यांच्या पिना गंजलेल्या असतात त्या तेवढ्या बघून घ्या. लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात मला नेहरू स्टेडियमचं २९ फेब्रुवारी १९९६ चं तिकीट मिळालं. केनियाने १६६ करून वेस्ट इंडीजला ९३ वर गुंडाळलं तो विश्वचषकाचा सामना. मॉरिस ओडुंबे त्या दिवशीचा सामनावीर. तिकिटाचा कोपरा गेटवर फाडलेला आहे, म्हणजे ज्याचं होतं तो आत बसला होता. हे मी कुठल्याही परदेशी कार्डाच्या बदल्यात देणार नाही.

गैरसोयी आहेत. सावली नाही, बसायला जागा नाही, स्वच्छतागृहाची अडचण बायकांना फार होते. दुचाकी लावायची तर लांब लावावी लागते, त्यापेक्षा मेट्रोने मंगळवार पेठ स्थानकाला उतरा आणि चालत या. मोबाइल पुढच्या खिशात. सुटे पैसे न्या, यूपीआय चालतं पण कुणाचं तरी नेटवर्क गेलेलं असतं. पावसात पथाऱ्यांवर ताडपत्री येते आणि कागद ओला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कागदासाठी जाऊच नका.

घेतलेलं कार्ड घरी आणून लॅमिनेट करू नका, ही हात जोडून विनंती. आपल्याकडे मौल्यवान कागद दिसला की लॅमिनेशनच्या दुकानात न्यायची सवय आहे. त्या उष्णतेने शाई आणि चिकटपदार्थ एक होतात आणि ते पुन्हा कधी सुटत नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, ते कालांतराने चिकट होतं. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, ताठ पुठ्ठ्याचा आधार द्या, लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवा.

जाता जाता माझी एक शोधमोहीम सांगते. १९७३ च्या एप्रिलमध्ये महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. पुढे १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ आला, तेव्हाही एक सामना पुण्यात झाला. त्या खेळाडूंची कार्डं कुणी काढली नाहीत. पण स्पर्धा झाली म्हणजे पत्रक निघालं असणार, पास छापले असणार, कुठल्या तरी पेठेतल्या ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई मशिनवर, स्कोअरकार्ड निघालं असणार. दर वेळी डबा चाळताना मी तेच शोधते. नाणेवाल्यांना, रद्दीवाल्यांना सांगून ठेवलं आहे. तुम्हाला यातला कागदाचा कपटा जरी कुठल्या पथारीवर दिसला, तर भाव न करता उचला.