पोएम: छोट्या उपकरणांसाठी इस्रोची कचरा न करणारी सोय

उपकरणाची अवकाशात चाचणी घ्यायला स्वतंत्र क्यूबसॅट (डब्याएवढा छोटा उपग्रह) सोडायलाच हवा असं नाही. पोएम म्हणजे इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा काम संपलेला चौथा टप्पा. सौरपट्ट्या, लिथियम-आयन बॅटरी, दिशा सांभाळणारी यंत्रणा त्याच्यावरच असते. आपण फक्त उपकरण द्यायचं.

खरी कमाल शेवटी आहे. पोएम-3 ची कक्षा 650 वरून 350 किलोमीटरवर उतरवली, उरलेलं इंधन बाहेर सोडलं आणि 21 मार्च 2024 ला ते वातावरणात शिरलं. मागे कचरा शून्य! इंधन सोडणं अत्यंत गरजेचं, कारण 2001 मध्ये पीएसएलव्हीच्या सी3 मोहिमेचा चौथा टप्पा कक्षेत फुटून शेकडो तुकडे झाले होते.

उणीव एवढीच, की कक्षा आपल्या मर्जीची नसते आणि मुदत काही महिन्यांचीच. वर्षभर निरीक्षणं हवी असतील तर क्यूबसॅटच घ्या, पण 500 किलोमीटरच्या खाली ठेवा, म्हणजे काम संपल्यावर तो आपोआप खाली येईल आणि कचरा होऊन राहणार नाही.