ग्रीनबेल्ट म्युझियम, मेरीलँड: घर एवढंसं, पण नक्की जा

आमच्याकडे भारतातून कोणी आलं की ठरलेली यात्रा असते, व्हाईट हाऊस, लिंकन मेमोरियल, एअर अँड स्पेस, आणि वॉशिंग्टनजवळच्या ग्रीनबेल्ट गावाला गेलोच तर नासाचं गॉडार्ड अवकाश केंद्र बघून परत. यावेळी सासरे आले होते, आयुष्यभर जिल्हा बँकेत नोकरी केलेली, दोन दिवसांत संगमरवराला कंटाळले आणि म्हणाले, अगं इथे साधी माणसं राहतात कुठे ते तरी दाखव. म्हणून हे म्युझियम.

आधीच सांगते, म्युझियम म्हणजे क्रेसेंट रोडवरचं १९३७ सालचं एक छोटं रो-हाऊस आहे फक्त. दोन मजले, खाली स्वयंपाकघर नि हॉल, वर बेडरूम, संपलं. मोठ्या दालनांची अपेक्षा ठेवून गेलात तर पाच मिनिटांत बाहेर याल. ठरावीक वेळीच उघडं असतं, वेबसाईट बघूनच निघा. आणि गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या मजल्याचा हट्ट नको, खालीच भरपूर आहे.

आता हे घर कशाला जपलंय ते. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम आणि बेताच्या कमाईच्या लोकांना घरं, दोन्ही एकदम साधायला अख्खं गाव नव्याने वसवलं. एकूण ८८५ घरं. अशी तीन गावं झाली, बाकीची दोन ओहायो आणि विस्कॉन्सिनमध्ये. फर्निचरसुद्धा सरकारी डिझायनरांनी या छोट्या खोल्यांच्या मापाने काढलेलं, हप्त्यावर मिळायचं, आणि ते तिथे मांडून ठेवलंय. लाकडी, दणकट, उगाच नक्षी नाही. कपाटात फिएस्टा ब्रँडच्या रंगीत बशा. मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर, एक बाई आत उभी राहिली की दुसरीने बाहेरूनच बोलायचं, पण हात लांब केला की सगळं हाताशी, आमच्या डोंबिवलीच्या घराची आठवण आली. गंमत म्हणजे स्वयंपाकघराची बाजू रस्त्याकडे आणि हॉल बागेकडे, म्हणजे गाडी, कचरा, दूधवाला सगळे मागल्या दारी आणि पुढचं दार हिरवळीवर. नियमही कडक, दुपारी चारनंतर वाळत घातलेले कपडे दोरीवर दिसता कामा नयेत! सासरे म्हणाले, सोसायटीचा सेक्रेटरी जगात सगळीकडे सारखाच.

एक गोष्ट मात्र गोडगोड करून सांगायची नाही. हे गाव बांधायला कृष्णवर्णीय मजूरही होते, पण घरं दिली ती फक्त गोऱ्या कुटुंबांना. ते ऐकल्यावर त्या रंगीत बशांकडे बघताना जरा घशात अडकतं.

घर बघून लगेच गाडीत बसू नका, खरं म्युझियम बाहेर आहे. पायवाटेने निघालात की रस्त्याखालून बोगदे लागतात, पोरांना रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावं म्हणून तेव्हाच केलेले. जुन्या शाळेच्या (आता कम्युनिटी सेंटर) भिंतीवर लेनोर थॉमस या शिल्पकार बाईंनी अमेरिकन राज्यघटनेची प्रास्ताविका दगडात कोरलीय, शेतकरी, कामगार, साधी माणसं. तिची सुरुवात वाचून दाखवल्यावर बाबांनी (म्हणजे सासऱ्यांनी) "आम्ही, भारताचे लोक" तिथेच उभ्याने पूर्ण म्हणून दाखवलं, येणारेजाणारे बघत होते, पण ते थांबले नाहीत. पुढे रूझवेल्ट सेंटर, म्हणजे गावचा बाजारचौक, तिथे १९३८ चं थिएटर, अजून सिनेमे लावतात.

जुनी घरंही अजून सहकारी सोसायटीचीच. १९५० च्या सुमारास सरकारने ती विकायला काढली तेव्हा रहिवाशांनीच सहकारी संस्था करून मोठा भाग घेतला, युद्धकाळात वाढवलेली धरून आज साधारण १,६०० घरं. गावचा साप्ताहिक पेपर पण १९३७ पासूनचा, तोही सहकारी. गावच्या सभेत लोक एका बिल्डरच्या मागणीला ब्लॅकमेल म्हणाले, पेपरने ते छापलं, बिल्डर कोर्टात गेला आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत, १९७० मध्ये पेपर जिंकला. बाबांचं मत, आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत याहून वाईट बोलतात, छापत कोणी नाही एवढंच.

खाण्याचं म्हणाल तर येताना हायवेवरच्या एका देसी ठिकाणी थांबून आम्ही चूक केली, समोसा बाहेरून गरम आतून बर्फ. त्यापेक्षा सेंटरमध्येच को-ऑप, म्हणजे सहकारी सुपरमार्केट आहे, कोणीही जाऊन घेऊ शकतं, आम्ही ब्रेड, चीज, सफरचंदं घेऊन बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. मेट्रोने येणार असाल तर ग्रीन लाईनचं शेवटचं स्टेशन, पण तिथून जुनं गाव चालत लांब पडतं, बस घ्या.

को-ऑपच्या काउंटरवर बाबा मला कोपराने ढोसत होते, विचार ना, यावर्षी लाभांश किती टक्के दिला. मागे सहा माणसं रांगेत, मी नाही विचारलं. परत पुण्याला गेले तरी दर रविवारी फोनवर तोच प्रश्न असतो.