बोटीवरच्या पणजोबांचा शोध: जुन्या क्रू लिस्ट काही महिने वापरल्यानंतर

कोकणातल्या ज्या घरांतून कुणी ना कुणी बोटीवर गेलं होतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या जुन्या क्रू लिस्ट, म्हणजे बोटीवरच्या माणसांच्या याद्या, बरेच महिने चाळल्यावर माझं मत पक्कं झालंय: माणसाच्या मागे लागू नका, आधी बोट शोधा.

१८५७ नंतर थेट पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमध्ये खलाशांची मध्यवर्ती नोंदवहीच नव्हती. होते ते प्रत्येक बोटीचे खलाशांशी केलेले करारनामे, म्हणजेच या याद्या, आणि त्या लावून ठेवल्यात बोटीच्या ऑफिशियल नंबरप्रमाणे, म्हणजे तिच्या नोंदणी क्रमांकाप्रमाणे. बोटीचं नाव बदललं तरी हा नंबर तोच राहतो. नावावर विसंबण्यात अर्थ नाही, एकाच नावाच्या कितीतरी बोटी निघतात. आमच्या ट्रंकेत पणजोबांचा डिस्चार्जचा, म्हणजे बोटीवरची नोकरी संपल्याचा, कागद होता. त्यावर बोटीचं नाव, नंबर, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि वर्तणुकीपुढे ‘व्हेरी गुड’चा शिक्का. घरात त्या शिक्क्याचंच कौतुक. माझ्या कामाला आला तो नंबर. तुमच्याकडे नुसतं नाव असेल तर ‘क्लिप’ या क्रू लिस्टच्या सूची-प्रकल्पावर नंबर फुकट मिळतो.

सुरुवात १९१५च्या यादीपासून करा. ग्रीनिचचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम आणि ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्हज यांनी स्वयंसेवकांकडून ती उतरवून घेतली आहे. ३९,०००हून जास्त याद्या, साडेसात लाखांवर नोंदी, आणि पैसे शून्य. मूळ पानाचा फोटोही दिसतो, तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वय, जन्मठिकाण, हुद्दा हे सगळं ठीक, पण खरा खजिना म्हणजे ‘आधीची बोट’ हा रकाना. त्याला धरून एकेक बोट मागे जाता येतं.

आपल्या लोकांच्या बाबतीत नावाने शोध म्हणजे डोकेदुखी. आडनाव बहुतेकदा नाहीच, स्वतःचं आणि बापाचं नाव, तेही कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. इब्राहिम, हसन, अब्दुल तर ढिगाने. रत्नागिरीचं ‘रुतनागेरी’ झालेलं दिसलं तर दचकू नका. वयं बघा: पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस. सगळी गोल. जन्मसाल कुणाला विचारलं असेल असं वाटत नाही. म्हणून मी पणजोबांना सोडून त्यांच्या सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, धरलं. सारंग आपल्याच गावची, नात्यातली पोरं घेऊन बोटीवर चढायचा आणि अख्खी टोळी पुढच्या बोटीवरही बहुधा एकत्रच. यादीत सारंग, त्याच्या हाताखालचा टंडेल आणि खाली ओळीने खलाशी, निम्म्यांच्या नावापुढे सहीऐवजी नुसती फुली. सारंग सापडला की खालची नावं ओळखीची वाटायला लागतात.

१९१५ सोडून इतर वर्षांसाठी खिशात हात घालावा लागतो. १८६३ ते १९३८ या काळातल्या याद्यांपैकी सुमारे ७० टक्के कॅनडात, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. १० टक्के लंडनजवळ क्यूला, नॅशनल आर्काइव्हजमध्ये. पाचाने संपणारी वर्षं बहुतांशी ग्रीनिचला. १९३९ ते १९५० पुन्हा क्यूला. बोटीचा नंबर आणि साल दिल्याशिवाय कुठेच पान हलत नाही.

एका वंशावळीच्या साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शनही घेऊन पाहिलं. नाव टाका, पूर्वज मिळवा, अशी जाहिरात. मिळाली ती सूचीतली एकेक ओळ, मूळ पान नाही, आणि वर्ष संपताच न विचारता पुन्हा पैसे कापले. गोऱ्या खलाशांसाठी ती उपयोगी असेल, लस्करांसाठी (ब्रिटिश बोटींवरच्या आपल्याकडच्या खलाशांना हेच म्हणत) माझ्याकडून पाचापैकी एक.

घरातला माणूस महायुद्धात समुद्रावरच वारला असेल तर युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या शोधात आधी बघा. १९१४-१८च्या मुंबईतल्या स्मारकावर दोन हजारांवर नाविकांची नावं आहेत, आणि तिथे शोधायला बोटीचा नंबर लागत नाही.

सारंगाच्या आधीच्या बोटीचा नंबर हाती आलाय. आता १९०५ची यादी ग्रीनिचकडे मागवतोय.