१६-२५ रेलकार्ड: ब्रिटनला निघालेल्या कोल्हापूरकरांनी घ्यावं का?

घ्यावंच. १६ ते २५ वर्षांच्या प्रवाशांसाठीचं हे तिथलं सवलतकार्ड. वर्षाला ३५ पौंड आणि बहुतेक रेल्वे तिकिटांवर एक तृतीयांश सूट. वर्षात १०५ पौंडांची तिकिटं काढली की पैसे वसूल. २६ पूर्ण झाले असतील, तरी पूर्णवेळ शिकणाऱ्याला मिळतं. फक्त कॉलेजकडून खात्री करून घ्यावी लागते. ऑनलाइन काढताना पासपोर्ट आणि फोटो पुरतो.

खरी मेख सकाळच्या वेळेत आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या स्लीपरला सोमवार काय आणि रविवार काय, भाडं तेच. तिकडे सोमवार ते शुक्रवार पहाटे ४.३० ते १० या वेळेत किमान भाडं १२ पौंड. म्हणजे स्टेशनवर काढलेलं १५ पौंडांचं तिकीट १० ला नाही, १२ लाच पडतं. आणि ९ पौंडांच्या तिकिटावर सूट शून्य. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. दहानंतरची गाडी धरा.

डिजिटल कार्ड फोनमध्ये असतं, हीच त्याची कच्ची बाजू. चार्जिंग संपलं आणि टीसीला कार्ड दाखवता आलं नाही, तर सवलतीचं तिकीट असूनही दंड बसू शकतो. पॉवर बँक इथूनच न्या. ॲडव्हान्स, म्हणजे ठराविक गाडीसाठी आधी काढलेलं तिकीट, त्याच गाडीला चालतं; आपल्या चुकीनं गाडी चुकली की तिकीट वाया.

लंडनमध्ये राहणाऱ्यांनी ट्यूब (तिथली मेट्रो) स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून रेलकार्ड ऑयस्टर कार्डाला, म्हणजे लंडनमधल्या प्रवासाच्या प्रीपेड कार्डाला, जोडून घ्यावं. गर्दीची वेळ सोडून तिथंही एक तृतीयांश सूट. बँकेचं कार्ड टेकवून गेलात तर मात्र पूर्ण भाडं कापलं जातं.