ताळेबंदात ३८६ कोटी, व्याज ४ कोटी, आणि मी पेन्सिल खाली ठेवली

७,११,४१० रुपये. एका कंपनीच्या शेअरमध्ये माझे एवढे बुडाले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे 'नक्की किती गेले' हे कुणी आडून आडून विचारायला नको. पहिल्यांदा १,८५० शेअर २१४.६० च्या सरासरीने घेतले, आणि भाव पडल्यावर आणखी २,४०० शेअर १३१ ला. दुसरी खरेदी जास्त झोंबते. पहिली चूक होती, दुसरा निव्वळ माज.

आणि हो, मी हिशेब खात्यातच काम करते. बावीस वर्षं. दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या चुका काढण्याचा पगार घेते. तेव्हा 'अभ्यास न करता घेतले असतील' हे मला ऐकवू नका. कुणाच्या टिपेवर घेतले नव्हते. वार्षिक अहवाल छापून, पान न् पान वाचून घेतले होते. सगळं तिथेच तर दिसत होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि वकिलाच्या नोटिशीला उत्तरं देण्यावर आता एक पैसाही घालवायचा नाही.

ते पान अजून माझ्या कपाटात आहे. रोख आणि बँक शिल्लक ३८६ कोटी, त्यातले बहुतेक मुदत ठेवींत. चार पानं पुढे 'इतर उत्पन्न', त्यात ठेवींवरचं व्याज ४.१ कोटी. मी त्या ४.१ ला गोल केला आणि समासात लिहिलं : ३८६ चे ६ टक्के म्हणजे २३ कोटी व्याज हवं. पुढे प्रश्नचिन्ह. ते दोनदा गिरवलेलं आहे. म्हणजे खटकलं नव्हतं असंही म्हणायची सोय नाही! शिवाय त्याच कंपनीवर ३४० कोटींचं कर्ज होतं, साधारण ११ टक्क्यांनी, आणि वर्षाला ३७ कोटी व्याज जात होतं. घरात एवढा पैसा असताना सावकाराच्या दारात कोण उभं राहतं?

मग मीच मला उत्तर दिलं. ताळेबंद एका दिवसाचा असतो, पैसा वर्षअखेरीला आला असेल, वर्षभर नसेल. कंपनीने हे कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. सहामाही ताळेबंद उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. नंतर उघडला, सगळं बुडाल्यावर. तिथेही शिल्लक ३७१ कोटी होती. म्हणजे पैसा कागदावर वर्षभर होता, व्याज मात्र नव्हतं. पेन्सिल खाली ठेवली तो क्षण मला रात्री दिसतो.

चिडचिड आणखी एका गोष्टीची होते. हा प्रकार मला माहीत होता. इटलीच्या पारमालात ह्या दूध कंपनीने २००३ मध्ये जवळपास ३९५ कोटी युरो बँकेत असल्याचं दाखवलं होतं. बँकेचं पत्रच बनावट निघालं. जर्मनीच्या वायरकार्ड कंपनीचे १९० कोटी युरो २०२० मध्ये असेच गायब झाले, म्हणजे मुळात नव्हतेच. आणि सत्यम! ७ जानेवारी २००९ ला ह्या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. वर ३७६ कोटींचं येणं व्याजही खोटं. ऑफिसातल्या नव्या मुलांना सत्यमवर मी तासभर शिकवलंय. तिथे निदान खोटं व्याज दाखवायचे कष्ट तरी घेतले होते. ह्या कंपनीने तेवढेही घेतले नाहीत, तरी मी गळाला लागले.

बाकीची लक्षणंही होतीच, ती तुम्हाला ठाऊक असतील. नफा ५८ कोटी आणि धंद्यातून आलेली रोकड उणे २२ कोटी. गिऱ्हाइकांकडून येणं वसूल व्हायला ७४ दिवस लागायचे ते १६१ झाले. विक्री खरी असेल तर पैसे कधीतरी यायला हवेत ना? नफ्याचं पान शेवटी वाचा, आधी रोख प्रवाहाचं.

पण ऑडिटरची सही होती. हे मी स्वतःला वाचवण्यासाठी म्हणतेय, कळतं मला, तरी म्हणतेच. बँकेला थेट पत्र लिहून शिल्लक पडताळणं हे त्यांचं काम. कंपनीने हातात ठेवलेला कागद फायलीत लावायचा असेल तर तो शिपाईही लावेल.

मग ऑडिटरने वर्षाच्या मध्येच राजीनामा दिला. कारण : 'अन्य व्यावसायिक व्यस्तता'. भाव पडला. मी म्हटलं, बाजार घाबरट आहे, आणि १३१ ला उचलले. एवढ्यावर थांबले असते तर निदान नुकसान माझ्यापुरतं राहिलं असतं. भावजींनाही सांगितलं. त्यांनी ६०० घेतले, १३८ ला, ८२,८०० रुपयांचे. ऑडिटर मधेच सोडून गेला तर कारण वाचत बसू नका. आधी बाहेर पडा.

नव्या ऑडिटरने बँकेला थेट विचारलं. बँकेने कळवलं, शिल्लक ९ कोटी. त्यानंतर रोज लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकलेला. सकाळी विक्रीची ऑर्डर टाकायची, संध्याकाळी ती तशीच पडलेली. घेणारा कोणी नाहीच. ६.८५ वर व्यवहार थांबवले, मग दिवाळखोरी. भावजींचा फोन आला. "वहिनी, तुम्ही म्हणालात म्हणून घेतले हो. असू दे." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तक्रारींचं. शेअर बाजाराच्या नियामकाच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पुरावे जोडले, ती समासातली पेन्सिलसुद्धा स्कॅन करून. एकोणीस दिवसांनी कळलं, तक्रार कंपनीकडे 'उत्तरासाठी' पाठवली. चोराची तक्रार चोराकडेच! कंपनीने दोन ओळी लिहिल्या, 'आमचे हिशेब लेखापरीक्षित आहेत', आणि माझी तक्रार निकाली. पुन्हा टाकली, तोवर दिवाळखोरी सुरू झालेली. उत्तर : आता विषय आमच्या कक्षेत नाही. पोलिसांत गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, शेअर तुम्हीच घेतले ना? कुणी जबरदस्ती केली होती का?" चाळीस मिनिटं ठेव, व्याज, शिल्लक समजावलं. त्यांनी लिहून घेतलं : 'शेअर बाजारात नुकसान'. ऑडिटरविरुद्ध तक्रार करायची तर वेगळा अर्ज, वेगळं शुल्क, प्रती अमुक इतक्या. प्रती पुरवल्या. पोच आली, पुढे काही नाही. वायरकार्डच्या वेळी जर्मन नियामकाने तर भांडं फोडणाऱ्या पत्रकारांवरच तक्रार ठोकली होती, हे आठवून मी त्या दिवसांत एकटीच हसायचे.

दिवाळखोरीत पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत भागधारक सर्वांत शेवटी. आधी तारण असलेल्या बँका आणि कामगारांची थकबाकी, मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार, मग बाकीचे. आमच्यापर्यंत येईतो ताटात काही उरत नाही. मला आलेल्या मेलमध्ये माझ्या ४,२५० शेअरांसमोर 'शून्य' लिहिलंय, आणि खाली विनंती, की पोच द्यावी. दिली.

परवा त्याच जुन्या ऑडिटरची सही माझ्याकडच्या दुसऱ्या एका कंपनीच्या अहवालावर दिसली. सकाळी बाजार उघडताच सगळे विकले, ३,२१८ रुपये तोटा सोसून. भावजींकडेही तेच शेअर होते, म्हणून फोन केला.

ते म्हणाले, "वहिनी, विकतो. पण ह्या वेळी समासात काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा."